समुद्राकाठची शाळा : प्रस्तावना

कोकणात पाऊस आणि शाळा पाठोपाठ येतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मोसमी पाऊस किनाऱ्याला लागतो आणि त्याच महिन्याच्या मध्यावर शाळांची दारे उघडतात. पहिलीत पाऊल टाकणारे मूल आणि वर्षातला पहिला मोठा पाऊस यांची गाठ शाळेच्या पायरीवरच पडते. रायगडच्या किनाऱ्यावर, म्हणजे उत्तरेला उरणपासून दक्षिणेला सावित्रीच्या मुखाजवळच्या हरिहरेश्वरापर्यंत, पुढचे चार महिने शाळेची इमारत कशी तग धरते यावर मुलांचे शिकणे ठरते. अलिबागेत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या काळातला असतो. शैक्षणिक वर्षाचा मोठा भाग असा पाण्यात जातो. उरलेल्या भागात दमट उकाडा असतो, आणि खारा वारा तर बारमाही.

अशा ठिकाणी शाळेची इमारत कशी असावी, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्यावर बोलताना दोन शब्द हमखास येतात : शाश्वत आणि सर्वसमावेशक. योजनांच्या कागदांवर त्यांचे रकाने वेगळे असतात. शाश्वत म्हटले की छपरावरचे सौर पॅनेल, पावसाच्या पाण्याची टाकी आणि झाडे. सर्वसमावेशक म्हटले की रॅम्प, कठडा आणि एक वेगळे स्वच्छतागृह. दोन्हींचा निधी वेगळा, तपासणीही वेगळी. किनाऱ्यावरच्या शाळा जवळून पाहिल्या की ही वाटणी टिकत नाही. पाणी, मीठ, वारा आणि उकाडा इमारतीला जिथे गाठतात, तिथे कोणते ना कोणते मूल सर्वांत आधी शाळेबाहेर पडते.

पत्र्याचे छप्पर घ्या. श्रावणातली जोराची सर त्याच्यावर कोसळू लागली की बाईंचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही नीट पोचत नाही. धडधाकट कानांची मुले फळ्यावर पाहून निभावून नेतात. ज्याला कमी ऐकू येते त्याचा तेवढा तास जातो, आणि पावसाळ्यात असे तास कितीतरी होतात. झड आत येऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या आणि त्यात वीज गेली, तर वर्गात अंधार होतो. मग अंधुक दृष्टीच्या मुलाला फळाही दिसत नाही. ओलीने पायरीवर शेवाळ धरले की सगळेच जपून चालतात, पण कुबडी घेऊन येणाऱ्या मुलीला घरचे पाठवतच नाहीत. स्वच्छतागृह बांधलेले असते, पण फेब्रुवारीनंतर विहिरीचे पाणी तळाला जाते आणि मोठ्या मुली महिन्यातले काही दिवस घरी राहू लागतात. यातली प्रत्येक गोष्ट एकाच वेळी टिकाऊपणाची आहे आणि सामावून घेण्याचीही. म्हणून या पुस्तकाचे म्हणणे असे : शाळेची इमारत तिच्यात सर्वांत आधी अडणाऱ्या मुलाच्या मापाने बांधावी. त्याच्यासाठी ती टिकली तर सगळ्यांसाठी टिकते.

या भूमीला हा विचार नवा नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेला ठराव आपल्याला महाडच्या चवदार तळ्यामुळे आठवतो. सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे तो ठराव सांगत होता. त्याच ठरावात सार्वजनिक शाळाही होत्या, कचेऱ्या आणि दवाखानेही होते. महाड नगरपालिकेने पुढच्याच वर्षी तळे खुले केल्याचा ठराव केला, तरी प्रत्यक्षात पाणी मिळेना. म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले. त्यांनी स्वतः साताऱ्याच्या शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसून धडे घेतले होते. पाण्याचा माठ कुठे ठेवायचा, कोणी कुठे बसायचे, दार कोणाला खुले असायचे, हे प्रश्न तेव्हाही इमारतीच्या आतलेच होते. कागदावर हक्क मिळणे आणि प्रत्यक्ष ओंजळीत पाणी येणे यांतले अंतर महाडने आपल्याला दाखवले आहे. दारापर्यंत नेणारी वाट जोवर चालता येत नाही, तोवर दार उघडे आहे असे म्हणता येणार नाही.

आज कायदा स्पष्ट आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात इमारतीचे निकष दिले आहेत : सर्व ऋतूंत वापरता येईल अशी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, अडथळ्याविना प्रवेश, मुलामुलींना स्वतंत्र स्वच्छतागृहे, पुरेसे व सुरक्षित पिण्याचे पाणी, शालेय आहारासाठी स्वयंपाकघर, मैदान आणि कुंपण. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आणि शाळेची इमारत, तिचा परिसर व तिथल्या सोयी सर्वांना वापरता येतील अशा असाव्यात, ही जबाबदारी टाकली. यातले ‘सर्व ऋतूंत वापरता येईल अशी’ हे शब्द रायगडच्या किनाऱ्यावर फार वजनदार आहेत. इथे सर्व ऋतू म्हणजे उधाणाची भरती, झडीचा पाऊस, वादळ आणि वैशाखातला घामट उकाडा. या चारींना पुरून उरेल अशी इमारत बांधणे हे कायद्याचे पालन आहे, चैन नव्हे.

किनाऱ्याने याचा सर्वांत कठोर धडा ३ जून २०२० रोजी घेतला. त्या दिवशी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची छपरे गेली आणि त्यांच्याबरोबर शाळांचे पत्रेही उडाले. कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. शाळा तेव्हा बंद होत्या, म्हणून वर्गात मुले नव्हती. वर्षभरात, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळ याच किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. पाठोपाठ त्याच वर्षीच्या जुलैत महाड पाण्याखाली गेले आणि तळियेवर डोंगर कोसळला. याआधी जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते इथल्या दरडींनी हाच इशारा दिला होता. रायगडात गावे डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत वसली आहेत. शाळेसाठी मिळणारी जागा पुष्कळदा गावाने उरवलेली असते : उताराच्या पायथ्याची, ओढ्याच्या काठची किंवा खाजणालगतची. म्हणून या पुस्तकाचे पहिले प्रकरण इमारतीवर नसून जागेवर आहे. वरच्या डोंगराचे पाणी कुठून उतरते, उधाणाच्या दिवशी खाडी कुठवर चढते, किनारा नियमन क्षेत्राची (सीआरझेड) रेषा गावाच्या नकाशावर कुठून जाते, हे समजल्याशिवाय पायाची दोरी धरू नये. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना या प्रश्नांची उत्तरे ठाऊक असतात. त्यांना विचारणे हीच पहिली तपासणी.

वादळापेक्षा सावकाश, पण तितकेच नुकसान मीठ करते. खाऱ्या हवेतला क्षार काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून सळईपर्यंत पोचतो, सळई गंजून फुगते आणि वरचे काँक्रीट फोडून काढते. स्लॅबचे पोपडे वर्गात पडू लागतात, तेव्हा आतले दुखणे बरेच जुने झालेले असते. आयएस ४५६ या भारतीय मानकात किनारी हवेला उघडे पडणारे काँक्रीट ‘तीव्र’ गटात धरले आहे. त्यासाठी किमान एम-३० दर्जाचे काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटरचे आवरण सांगितले आहे. बांधकामाच्या वेळी हे आवरण राखायला लागतात ते सळईखाली ठेवायचे छोटे सिमेंटचे ठोकळे, धुतलेली गोड्या पाण्याची वाळू आणि नीट मारलेले पाणी. हा खर्च अंदाजपत्रकात दिसेल न दिसेल इतकाच असतो. तो वाचवला की इमारत आयुष्य भरण्याआधीच धोकादायक ठरते, तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव जातो आणि नवी इमारत येईपर्यंत मुले समाजमंदिरात किंवा कोणाच्या तरी पडवीत बसतात. जी शाळा पन्नास वर्षे टिकायची ती पंचवीस वर्षांत पाडावी लागली, तर तिच्यावरचे सौर पॅनेल तिला शाश्वत करू शकत नाही. किनाऱ्यावर सर्वांत मोठी पर्यावरणस्नेही गोष्ट म्हणजे इमारत टिकवणे.

आपल्या जुन्या घरांनी या सगळ्याचा विचार केला होता. काळ्या दगडाचे उंच जोते, जांभ्याच्या किंवा विटांच्या जाड भिंती, चारी बाजूंनी उतरणारे चौपाखी कौलारू छप्पर, पुढे ओटी, बाजूंना पडव्या आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून पुढे काढलेले वासे. आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, पश्चिमेच्या अंगाला विणलेली झापे बांधली जात. पाऊस सरला की ती उतरवली जात. चौपाखी छपराला दुपाखीपेक्षा वाऱ्याचा उचल-जोर कमी बसतो, हे आज अभियांत्रिकीही सांगते. कातकरी आणि ठाकर वस्त्यांतल्या कारवीच्या कुडाच्या, शेणाने सारवलेल्या भिंती उकाड्यात श्वास घेतात. या बांधणीच्या मागे शेकडो पावसाळ्यांचा अनुभव आहे.

तरीही जुने सगळे तसेच उचलावे, असे हे पुस्तक म्हणत नाही. लोकांनी कौले सोडून पत्रे घातले याला खरी कारणे आहेत. दरवर्षी शाकारणी करायला माणूस मिळत नाही, वासे-रिपांचे लाकूड महागले, वाळवी आहेच, आणि वानरांच्या टोळ्या कौले फोडतात. ज्या शाळेला शिपाई नाही आणि दोनच शिक्षक आहेत, तिला वर्षाला फुटक्या कौलांचा हिशेब ठेवणे जड जाते. म्हणून प्रश्न असा विचारला पाहिजे : पत्रा राहणारच असेल, तर त्याच्याखालचा वर्ग शांत, थंड आणि सुरक्षित कसा करता येईल? याचे उत्तर फ्रान्सिस केरे या वास्तुविशारदाने बुर्किना फासोतल्या आपल्या गांडो गावच्या प्राथमिक शाळेत २००१ मध्ये दिले. वर्गावर मातीच्या विटांचे सच्छिद्र छत, त्याच्या वर सोडलेली मोकळी जागा आणि त्यावर लोखंडी सांगाड्यावर उचललेला, भिंतींच्या बराच पुढे आलेला पत्रा. उष्ण हवा मधल्या जागेतून निघून जाते, आणि पत्र्याचा ताप वर्गात उतरत नाही. त्या शाळेला २००४ चा वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला आणि केरे यांना २०२२ मध्ये वास्तुकलेतलाच प्रित्झकर पुरस्कार. कोकणात मधल्या थरासाठी बांबूची चटई, लाकडी फळ्या किंवा नारळाच्या काथ्याचे तक्ते वापरता येतात. पावसाचा आवाजही त्यात मुरतो. बांबूवर नीट प्रक्रिया करून त्यातून टिकाऊ बांधकाम करण्याचे काम कुडाळचे कोकण बांबू आणि केन विकास केंद्र २००४ पासून करत आहे. आपल्या कोकणातलेच हे ज्ञान शाळांपर्यंत आले पाहिजे.

रायगडच्याच दोन इमारती इथे आठवतात. मुंबईत विजेवर चालणारी ट्रॅम येणार म्हणून १९०४ साली कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला आणली गेली. तिचे काम पृथ्वीच्या चुंबकत्वाची सूक्ष्म मोजमापे घेण्याचे. म्हणून ती लोखंड टाळून, चुंबकीय गुण नसलेला दगड पारखून बांधली. ज्या कामासाठी इमारत, त्या कामाला बाधा आणणारी एकही वस्तू तिच्यात घालायची नाही, हा तो निश्चय होता. दुसरी इमारत आपल्या काळातली. किनाऱ्यालगतच्या नांदगावला नारळीच्या वाडीत स्टुडिओ मुंबईचे बिजॉय जैन यांनी २००७ मध्ये पामायरा हाउस हे घर बांधले. त्याच्या भिंती म्हणजे ताडाच्या लाकडाच्या तिरप्या पट्ट्या. त्यांतून वारा आणि उजेड आत येतो आणि ऊन-पाऊस बाहेर राहतो. हे घर आगा खान पुरस्काराच्या अंतिम यादीपर्यंत पोचले. अशी कारागिरी या किनाऱ्यावर आहे, सामानही इथलेच आहे. चुंबकसूचीसाठी जी काळजी घेतली गेली आणि सुट्टीतल्या घरासाठी जे कौशल्य वापरले गेले, ते जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाच्याही वाट्याला यावे, एवढीच मागणी आहे.

पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग जोते आणि रॅम्प यांना दिला आहे, आणि त्याचे कारण सांगायला हवे. इथे शाश्वत आणि सर्वसमावेशक या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहिल्यासारख्या वाटतात. पाणी चढते म्हणून जोते उंच हवे. चाकाची खुर्ची येते म्हणून ते ठेंगणे हवे. सुगम्य इमारतींसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रॅम्पचा उतार जास्तीत जास्त एकास बारा असावा लागतो. ६० सेंटिमीटरच्या जोत्याला त्यामुळे किमान ७.२ मीटरचा रॅम्प लागतो. खाडीलगतच्या सखल खारेपाटात ९० सेंटिमीटरचे जोते केले तर जवळपास ११ मीटरचा, आणि मध्ये थांब्याची सपाट जागा वेगळी. एवढी लांबी नकाशात बसत नाही म्हणून रॅम्प उभा केला जातो. उभा रॅम्प पावसात घसरगुंडी होतो, त्यावरून खुर्ची चढत नाही आणि शेवटी तो कुणीच वापरत नाही.

यातून वाट काढायची तर रॅम्पला नंतर चिकटवायचा भाग समजणे सोडावे लागेल. इमारतीची मांडणीच त्याच्यापासून सुरू करता येते. शाळेच्या आवाराला बहुधा नैसर्गिक चढ असतो. वरच्या अंगाने आलेली, थोडी भर घालून केलेली पायवाट थेट जोत्याच्या पातळीला मिळू शकते. रॅम्प पडवीच्या कडेने, छपराखालून नेला तर त्यावर शेवाळ धरत नाही आणि तीच वाट सर्वांची होते : पाठीवर दप्तराचे ओझे असलेल्या चिमुरड्यांची, शालेय आहाराचे पातेले घेऊन जाणाऱ्या ताईंची, नातवाला सोडायला आलेल्या आजोबांची. दारे ९० सेंटिमीटर मोकळी, वळायला दीड मीटरची जागा, कठडा दोन उंचींवर, पायऱ्यांच्या कडांना ठळक रंगाची पट्टी, खडबडीत शहाबादी. मतदानाच्या दिवशी याच शाळांमध्ये वृद्ध आणि दिव्यांग मतदारांसाठी रॅम्पची सोय केली जाते. तीच सोय शाळेच्या प्रत्येक दिवशी असायला हवी.

बांगलादेशात दिनाजपूर जिल्ह्यातल्या रुद्रपूर गावी वास्तुविशारद आना हेरिंगर यांनी बांधलेले आनंदालय या दृष्टीने मुद्दाम पाहावे असे आहे. माती आणि बांबूची ही दुमजली इमारत दिव्यांगांच्या उपचारकेंद्रासाठी आहे, आणि वरच्या मजल्यावर गावातल्या स्त्रियांचा शिवणकक्ष आहे. तिथला रॅम्प मागच्या बाजूला लपवलेला नाही; तो इमारतीला वेढा घालत वर जातो आणि तोच तिचा चेहरा आहे. २०२० मध्ये या इमारतीला ओबेल पुरस्कार मिळाला. आपल्यासारख्याच धो-धो पावसाच्या प्रदेशात स्थानिक माती, स्थानिक हात आणि दिव्यांगांचा मान या तिन्ही गोष्टी एकाच बांधकामात साधल्या आहेत.

पाण्याविषयी एक साधा हिशेब. वर्षाला दोन मीटर पाऊस पडतो तिथे १०० चौरस मीटर छपरावर दोन लाख लिटर पाणी येते. गळती आणि पहिल्या सरींचे वाहू दिलेले पाणी वजा केले तरी दीड लाखाच्या पुढे उरते. त्याच गावांत, विशेषतः पेण-अलिबागच्या खारेपाटात, मार्च उजाडला की टँकरची वाट पाहावी लागते. पन्हळ, जाळी आणि पुरेशी मोठी बंद टाकी एवढ्यावर स्वच्छतागृहाचे पाणी उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत पुरवता येते. स्वच्छतागृहाचीही किनाऱ्यावर वेगळी अडचण आहे. भूजल अगदी वर असलेल्या खारेपाटात नेहमीचे शोषखड्डे पावसाळ्यात भरतात आणि जवळची विहीर दूषित करतात. तिथे खड्डे उंच भरावावर घ्यावे लागतात किंवा बंद टाकी करावी लागते. स्वच्छतागृहही वर्गाच्या जोत्यालाच जोडलेले, छपराखालून जाता येईल असे हवे. चिखल तुडवत जावे लागणारे स्वच्छतागृह निम्म्या मुलांसाठी वर्षातले चार महिने नसल्यासारखेच असते.

इमारतीच्या बाहेर राहणाऱ्या मुलांचा विचार केल्याशिवाय सर्वसमावेशक हा शब्द पुरा होत नाही. रायगडातली कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. त्या मुलांचे शाळेचे वर्ष भलत्याच ठिकाणी तुटते. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला शाळा मुलांच्या अंगणात नेली; गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर ‘विधायक संसद’ या संस्थेने भोंगाशाळा चालवल्या. मुलाला शाळेपर्यंत येता येत नसेल तर शाळेनेच हलायचे, हा विचार या मातीत तयार झालेला आहे. उचलून नेता येणारे छप्पर, गुंडाळता येणारा फळा आणि सावली देणारे झाड हीसुद्धा शाळेची रचनाच आहे आणि तिचा नकाशा तितक्याच गंभीरपणे काढायला हवा. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून त्यांच्या जागी समूह शाळा काढण्याचा विचार राज्यात पुढे आला. पण प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, हा शिक्षणहक्क कायद्याखालच्या नियमांचा निकष आहे. मध्ये ओढा, खाडी किंवा घाट असलेल्या वाडीवर सहा वर्षांच्या मुलाला ते अंतर कसे पडते, हे पावसाळ्यात एकदा चालून पाहिल्याखेरीज ठरवू नये.

शाळा हा गावाचा निवाराही असतो. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर तिथे किनाऱ्यावर बहुउद्देशीय निवारे उभे राहिले आणि त्यांतले अनेक एरवी शाळा म्हणून वापरात आहेत. २०१३ च्या ‘फायलिन’ वादळाआधी सुमारे दहा लाख लोकांना हलवता आले, त्यात या इमारतींचा मोठा वाटा होता. आपल्याकडेही वादळाचा बावटा लागला की लोकांना शाळेतच आणले जाते. मग ती इमारत गावातली सर्वांत मजबूत इमारत असली पाहिजे, आणि तिच्या रॅम्पवरून अंथरुणाला खिळलेल्या आजीलाही आत नेता आले पाहिजे.

पैशाचा प्रश्न सर्वांत शेवटी येतो, पण तो टाळता येत नाही. ‘समग्र शिक्षा’ योजनेतून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते. पाऊस आणि खारा वारा पट मोजत नाहीत. पंधरा मुलांच्या शाळेचे छप्परही तेवढेच गळते. निधी मार्चअखेरीच्या धांदलीत हाती येतो आणि दुरुस्तीला मे महिना एवढाच मिळतो. म्हणून पुस्तकात प्रत्येक इमारतीसाठी आगोटीच्या कामांची यादी दिली आहे : पन्हळी साफ करणे, पत्र्यांचे हूक-बोल्ट आवळणे, सळई उघडी पडली असेल तिथे लगेच दुरुस्ती, पायवाटेवरचे शेवाळ खरवडणे, छपरावर येणाऱ्या फांद्या छाटणे. ही कामे वेळेवर झाली तर मोठा खर्च कित्येक वर्षे पुढे जातो. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा, वित्त आयोगाचा निधी आणि थळ, डोलवी, उसर, उरण या पट्ट्यातल्या उद्योगांचा सामाजिक दायित्व निधी हे स्रोत आहेत. देणगीदारांना एकच विनंती : रंगरंगोटी आणि प्रवेशद्वाराच्या कमानीआधी छप्पर, पाणी आणि वाट यांना पैसे द्या.

हे पुस्तक शाखा अभियंता, मुख्याध्यापक, सरपंच आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांसाठी आहे. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. शाळा विकास आराखडा तयार करण्याचा अधिकार याच समितीचा आहे, आणि तो अधिकार पूर्णपणे वापरला गेला तर बरेच काही बदलेल. नकाशे काढून देण्यासाठी अभियंता लागेलच. पण शाळेत काय अडते, हे पालकांपेक्षा जास्त कुणाला कळणार? पुस्तकातल्या आकृत्या त्यांनाही वाचता याव्यात अशा काढल्या आहेत, आणि मापे फूट व मीटर अशी दोन्ही दिली आहेत, कारण गवंडी फुटांत बोलतो आणि अंदाजपत्रक मीटरमध्ये असते. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचायचीही गरज नाही. ज्याची शाळा गळते त्याने छपराचे प्रकरण आधी उघडावे.

वाचकांना शेवटची विनंती. या वर्षी आगोटीची कामे सुरू होण्याआधी समितीने एक सकाळ राखून ठेवावी. वर्गातल्या ज्या मुलाला चालायला, पाहायला किंवा ऐकायला सर्वांत कठीण जाते ते मूल आणि त्याची आई यांना बरोबर घ्या. फाटकापासून वर्गापर्यंत, वर्गापासून पाण्याच्या नळापर्यंत आणि तिथून स्वच्छतागृहापर्यंत त्यांच्या मागून चालत जा. ते मूल जिथे थांबेल ती जागा शाळा विकास आराखड्यात पहिल्या क्रमांकावर लिहा, आणि ते काम पाऊस लागण्यापूर्वी पूर्ण करा.